आमवात, रक्तगोठण आणि हृदयवाहिन्यांची जोखीम

प्रस्तावना :

आमवाताच्या रुग्णाच्या तपासणी-अहवालात 'ईएसआर' ही नोंद हमखास आढळते. गोठू न दिलेले रक्त उभ्या नळीत तासभर ठेवले असता त्यातील तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात, एवढेच ही चाचणी मोजते. स्वीडनमधील रॉबिन फॉरेअस यांनी १९१८ पासून या घटनेचा अभ्यास आरंभिला आणि १९२१ मध्ये आल्फ वेस्टरग्रेन यांनी तिला आजच्या चाचणीचे रूप दिले. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्भार असतो, त्यामुळे त्या एकमेकींपासून दूर राहतात. रक्तद्रवात फायब्रिनोजेन या प्रथिनाचे प्रमाण वाढले की हा दुरावा कमी होतो, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि वेगाने तळाशी जातात. म्हणजे सांध्यातील दाहाचे मापक म्हणून ज्या आकड्याकडे पाहिले जाते, तो आकडा मोठ्या अंशी फायब्रिनोजेनच्या वाढीचा असतो. आणि फायब्रिनोजेन हे रक्ताची गुठळी ज्यापासून बनते ते मूळ द्रव्य होय.

रुग्ण आणि बहुधा त्याचे नातेवाईकही या आकड्याचा अर्थ 'सांधे किती दुखतील' एवढाच लावतात. तोच आकडा हृदयाविषयी व रक्तवाहिन्यांविषयी काही सांगत असतो, ही जाणीव वैद्यकीय वर्तुळातही तुलनेने उशिरा रुजली. प्रस्तुत लेखात आमवात, रक्त गोठण्याची प्रक्रिया आणि हृदयवाहिन्यांचे विकार यांतील संबंधाचे विवेचन केले आहे.

संज्ञेविषयी थोडे :

मराठीत 'संधिवात' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. वयोमानानुसार गुडघ्यांची झीज होऊन होणारा विकार, लहान मुलांना घशाच्या संसर्गानंतर होणारा संधिज्वर आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच सांध्यांवर केलेला हल्ला, या तीन अगदी वेगळ्या व्याधी त्या एका शब्दात कोंबल्या जातात. येथे अभिप्रेत आहे ती तिसरी, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस; तिला या लेखात 'आमवात' म्हटले आहे. संधिज्वराने हृदयाच्या झडपा खराब होतात हे आपल्याकडे सर्वश्रुत आहे, आणि त्यामुळेच 'वाताचा हृदयाशी संबंध' म्हटले की झडपाच आठवतात. आमवातात मुख्य धोका झडपांना नसून रोहिण्यांना व नीलांना, म्हणजे रक्त वाहून नेणाऱ्या नळ्यांना असतो. माधवनिदानात वाढलेल्या आमवाताच्या लक्षणांमध्ये हृद्ग्रहाचा उल्लेख येतो. परंतु त्या ग्रंथातील आमवात आणि आजचा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस तंतोतंत एकच मानून त्यावरून काही निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

हा विकार दुर्मीळ नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने झालेल्या पाहणीत प्रौढ ग्रामीण लोकसंख्येत त्याचे प्रमाण साधारण अर्धा टक्का आढळले. स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो. प्रमाण किरकोळ वाटले तरी राज्याच्या लोकसंख्येशी त्याचा गुणाकार केल्यास रुग्णसंख्या लाखांत जाते.

जोखीम किती?

आमवाताचे रुग्ण इतरांपेक्षा काही वर्षे आधी मृत्यू पावतात आणि त्यांतील मोठा वाटा हृदयविकाराचा असतो, हे निरीक्षण जुने आहे. त्याला संख्यात्मक आधार मिळाला तो मुख्यतः २००० नंतर. अमेरिकेतील परिचारिकांच्या प्रदीर्घ आरोग्य-अभ्यासातील १ लाख १४ हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींचे विश्लेषण २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. आमवात असलेल्या स्त्रियांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता इतर स्त्रियांच्या दुप्पट दिसली आणि ज्यांना हा विकार जडून दहा वर्षे वा अधिक काळ लोटला होता त्यांच्यात ती तिपटीपर्यंत गेली. वय, धूम्रपान, रक्तदाब आदी नेहमीचे घटक हिशेबात घेऊनही हा फरक उरला. २००८ मध्ये २४ अभ्यासांतील १ लाख ११ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र केली असता हृदयवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त असल्याचे आढळले. डेन्मार्कमधील राष्ट्रव्यापी नोंदींवर आधारलेला २०११ चा अभ्यास हीच गोष्ट वेगळ्या परिमाणात मांडतो : आमवाताच्या रुग्णाची झटक्याची जोखीम मधुमेह्याच्या जोखमीच्या जवळपास असते आणि आमवात नसलेल्या, पण दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या व्यक्तीच्या जोखमीशी जुळते.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने आणखी अस्वस्थ करणारी बाब पुढे आणली. आमवाताचे निदान निश्चित होण्याच्या आधीच्या दोन वर्षांतच या रुग्णांमध्ये झटक्याचे प्रमाण वाढलेले होते, आणि रुग्णाच्या व डॉक्टरांच्याही लक्षात न आलेले 'मूक' झटके तर विशेष जास्त होते. छातीत दुखण्याची तक्रार मात्र त्यांनी इतरांपेक्षा कमी केली होती. सांधे दुखत असल्याने हालचाल मर्यादित असते, जिना चढण्याचा प्रसंगच येत नाही. त्यामुळे हृदयाला ताण पडून ते दुखण्याची वेळच येत नसावी, असा एक तर्क आहे. शिवाय जे वेदनाशामक गुडघ्यासाठी घेतले जाते ते छातीतील वेदनाही झाकू शकते. थोडक्यात, ज्या सूचनेवर विसंबून सर्वसामान्य माणूस रुग्णालय गाठतो, ती सूचनाच या रुग्णाला अनेकदा मिळत नाही.

भारतीय वाचकाने यात एक गोष्ट मनात धरावी. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासातील माहितीनुसार दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो. अन्य देशांत हे वय सुमारे ५९ होते. आमवात ज्या वयात उद्भवतो त्या वयात आपल्याकडे हृदयविकाराचा धोका आधीच उंबरठ्यावर आलेला असतो.

नीलांमधील गुठळी :

हृदयविकाराची चर्चा झाली तरी नीलांमधील गुठळ्यांकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. पायातील खोल नीलेत रक्त गोठणे आणि ती गुठळी सुटून फुप्फुसाच्या रोहिणीत अडकणे हा प्रकार प्राणघातक ठरू शकतो. स्वीडनमधील राष्ट्रीय नोंदवह्यांच्या आधारे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमवाताच्या रुग्णांमध्ये अशा घटनांचे प्रमाण दर हजार व्यक्ति-वर्षांमागे ५.९, तर तुलनेसाठी घेतलेल्या सर्वसाधारण लोकांत २.८ होते. रोगाची तीव्रता आणि गुठळी यांचा संबंध २०२१ मध्ये त्याच देशातून पुढे आला. रोग आटोक्यात असलेल्या रुग्णांत वर्षभरात गुठळी होण्याचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का होते. रोग अतितीव्र असलेल्यांत ते एका टक्क्याच्या किंचित वर गेले. म्हणजे रोग भडकलेल्या दर शंभर रुग्णांपैकी एकाला वर्षभरात ही आपत्ती येते. ही वाढ केवळ अंथरुणाला खिळल्यामुळे होते असे मानण्याचा मोह होतो, परंतु रोगाच्या तीव्रतेबरोबर चढणारा हा आलेख रक्तातच काही बदलत असल्याकडे निर्देश करतो.

रक्तात नेमके काय बदलते?

रुडॉल्फ विर्खो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नीलांतील गुठळ्यांचा जो अभ्यास केला, त्यावरून गुठळीची तीन कारणे आजही विद्यार्थ्यांना शिकवली जातात : रक्ताचा मंदावलेला प्रवाह, वाहिनीच्या भिंतीला झालेली इजा आणि रक्ताची वाढलेली गोठणशीलता. आमवात तिन्ही बाजूंनी येतो. पहिले कारण उघड आहे. दुसरी दोन समजून घेण्यासाठी दाहाचे संदेशवाहक पाहावे लागतात.

सांध्याच्या अस्तरात जमलेल्या पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-६ ही संदेशवाहक प्रथिने मोठ्या प्रमाणात सोडतात. ती सांध्यापुरती मर्यादित राहत नाहीत. रक्तावाटे सर्वत्र जातात. इंटरल्यूकिन-६ यकृतापर्यंत पोचते आणि यकृत सी-रिअॅक्टिव्ह प्रथिनाबरोबरच फायब्रिनोजेनचे उत्पादन वाढवते. निरोगी माणसात दर डेसिलिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम असणारे हे प्रथिन तीव्र दाहात दुप्पट वा त्याहून अधिक होऊ शकते. याच संदेशामुळे बिंबाणू म्हणजे प्लेटलेट्स घडवण्यास उत्तेजन देणारे संप्रेरकही वाढते; आमवात भडकलेल्या रुग्णाच्या अहवालात बिंबाणूंची संख्या साडेचार लाखांच्या वर दिसते ती यामुळे. प्लेटलेट्स वाढलेल्या पाहून कुटुंबाला हायसे वाटते, कारण डेंग्यूच्या साथींनी 'प्लेटलेट्स कमी होणे वाईट' एवढे सर्वांना शिकवले आहे. येथे अर्थ उलट आहे.

टीएनएफचे काम अधिक सूक्ष्म, आणि कदाचित अधिक घातक. वाहिन्यांचे आतील अस्तर निरोगी अवस्थेत रक्त गोठू न देण्याचे काम अहोरात्र करीत असते. त्यावरील थ्रॉम्बोमोड्युलिन हे प्रथिन थ्रॉम्बिन या गोठवणाऱ्या विकराला पकडते आणि त्याच्याच मदतीने 'प्रथिन सी' कार्यान्वित करून गोठण्याला लगाम घालते. म्हणजे चोरालाच पहाऱ्यावर बसवण्याची ही व्यवस्था. टीएनएफच्या प्रभावाखाली अस्तरावरील थ्रॉम्बोमोड्युलिन घटते आणि लगाम सैल होतो. त्याच वेळी अस्तरावर व रक्तातील मोनोसाइट पेशींवर 'ऊतक घटक' प्रकट होतो, जो रक्त गोठण्याच्या साखळीची पहिली कडी आहे. भरीस भर म्हणून झालेली गुठळी विरघळवणाऱ्या यंत्रणेला रोखणारे पीएआय-१ हे प्रथिन वाढते. गुठळी सहज होते आणि झालेली गुठळी सहज विरघळत नाही.

गुठळीची घडणही वेगळी असल्याचे दिसते. पोलंडमधील संशोधकांनी २०१० मध्ये सक्रिय आमवाताच्या रुग्णांच्या रक्तद्रवापासून प्रयोगशाळेत फायब्रिनचे जाळे तयार केले; ते निरोगी व्यक्तींच्या जाळ्यापेक्षा दाट विणीचे, द्रव कमी झिरपू देणारे आणि विरघळण्यास अधिक वेळ घेणारे होते.

आमवाताचे खास असे एक वैशिष्ट्य येथे नोंदवले पाहिजे. या रोगात काही प्रथिनांतील आर्जिनिन या घटकाचे सिट्रुलिनमध्ये रूपांतर होते आणि शरीर अशा बदललेल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. निदानासाठी केली जाणारी 'अँटी-सीसीपी' चाचणी हीच प्रतिपिंडे शोधते. सांध्याच्या अस्तरात साठलेले सिट्रुलिनयुक्त फायब्रिन हे या प्रतिपिंडांचे एक प्रमुख लक्ष्य आहे. म्हणजे गोठण्याचे द्रव्य आणि रोगाचे लक्ष्य एकच. मात्र सर्व धागे एकाच दिशेने जातात असे समजू नये. थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनला जेथे छेदते तेथे आर्जिनिनच असावे लागते. प्रयोगशाळेत फायब्रिनोजेनचे सिट्रुलिनीकरण केल्यास त्याचे गोठणे उलट मंदावते. शरीरात या दोन प्रवाहांची बेरीज काय होते हे रुग्णांच्या नोंदींवरूनच ठरवावे लागते, आणि त्या नोंदी गोठणशीलता वाढल्याचेच सांगतात.

कोलेस्टेरॉलचा फसवा दिलासा :

रोहिणीकाठिण्य म्हटले की कोलेस्टेरॉल आठवते. आमवात तीव्र असताना रक्तातील एकूण व एलडीएल कोलेस्टेरॉल बहुधा कमी झालेले असते, तरीही झटक्याची शक्यता वाढलेली असते. उपचाराने दाह शमला की कोलेस्टेरॉल वाढते आणि रुग्ण औषधाला दोष देतो. दाहात चरबीचा चयापचयच बदलतो, हे यामागील कारण होय. त्यामुळे रोग भडकलेला असताना काढलेल्या कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून 'हृदय ठीक आहे' असा निर्वाळा देणे चुकीचे ठरते. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या 'युलार' या संघटनेने २००९ मध्ये नेहमीच्या सूत्राने काढलेली हृदयविकाराची जोखीम काही निकष पूर्ण करणाऱ्या आमवाताच्या रुग्णांसाठी दीडपट धरावी असे सुचवले. पुढील सुधारित शिफारशींत हा दीडचा गुणक सर्वच रुग्णांना लागू केला आणि किमान दर पाच वर्षांनी अशी मोजणी करण्यास सांगितले. गुणक ढोबळ आहे. पण तो लावला गेला तर निदान प्रश्न तरी विचारला जातो.

औषधांची दुधारी बाजू :

या विषयातील सर्वांत बोधक प्रकरण वेदनाशामकांचे आहे. बिंबाणूंमधील कॉक्स-१ विकर थ्रॉम्बॉक्सेन बनवते, जे बिंबाणूंना चिकटवते. वाहिनीच्या अस्तरात मुख्यतः कॉक्स-२ मार्फत बनणारे प्रोस्टासायक्लिन त्यांना दूर ठेवते. पोटातील व्रण टाळावेत म्हणून केवळ कॉक्स-२ ला रोखणारी औषधे निघाली आणि हा तराजू एका बाजूला झुकला. रोफेकॉक्सिबची नॅप्रॉक्सेनशी तुलना करणारी २००० मधील 'व्हिगर' चाचणी आमवाताच्याच ८,०७६ रुग्णांवर झाली होती. झटक्याचे प्रमाण नॅप्रॉक्सेन गटात ०.१ टक्का, तर रोफेकॉक्सिब गटात ०.४ टक्का आढळले. त्यावेळी नॅप्रॉक्सेन हृदयाचे रक्षण करीत असेल असा खुलासा पुढे करण्यात आला. दुसऱ्या एका चाचणीत निष्क्रिय गोळीशी तुलना करूनही धोका दिसल्यावर ३० सप्टेंबर २००४ रोजी ते औषध जगभरातून मागे घेण्यात आले. मधल्या चार वर्षांत ते किती घरांत गेले असेल, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

रोफेकॉक्सिब गेले, तरी आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळणारे डायक्लोफेनॅक कॉक्स-२ कडे बऱ्यापैकी झुकलेले आहे आणि त्याचाही हृदयाला धोका आहे. आणखी एक व्यावहारिक बाब अनेकांना ठाऊक नसते. ॲस्पिरिन बिंबाणूंतील कॉक्स-१ ला कायमचे निकामी करते आणि बिंबाणू सात ते दहा दिवस जगत असल्याने लहान मात्राही पुरते. आयबुप्रोफेन मात्र त्याच जागी तात्पुरते बसते. आयबुप्रोफेन आधी घेतले तर ॲस्पिरिनला जागा मिळत नाही आणि ते रक्तातून निघून जाते. त्यामुळे हृदयासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्याने गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन केव्हा घ्यावे, हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्याजोगा आहे.

स्टेरॉइड गोळ्यांनी दाह झपाट्याने उतरतो, परंतु मात्रा व कालावधी वाढत जाईल तशी रक्तदाब, साखर व हृदयविकाराची जोखीमही वाढते. याउलट मेथोट्रेक्सेटची बाजू दिलासादायक आहे. अमेरिकेतील विचिटा येथील १,२४० रुग्णांच्या २००२ मधील अभ्यासात हे औषध घेणाऱ्यांत हृदयवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी कमी होते. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. औषध सोसवणारे रुग्ण मुळातच अधिक सुदृढ असू शकतात. पुढे आमवात नसलेल्या, पण हृदयविकार असलेल्या ४,७८६ जणांना मेथोट्रेक्सेट देऊन पाहिले असता काहीच लाभ दिसला नाही. त्यांच्यात दाहाचे मापकही खाली आले नव्हते. इंटरल्यूकिन-१ ला रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅबने मात्र २०१७ मध्ये, चरबीला हात न लावता, हृदयविकाराच्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटवल्या. म्हणजे मेथोट्रेक्सेटचा उपयोग हृदयाचे औषध म्हणून नव्हे, तर सांध्यातील आग विझवण्याद्वारे होत असावा.

नव्या औषधांपैकी टोफासिटिनिब तोंडाने घेता येते आणि भारतातही उपलब्ध आहे. वय ५० वा अधिक आणि हृदयविकाराचा किमान एक जोखीम-घटक असलेल्या ४,३६२ रुग्णांवरील चाचणीत झटका, पक्षाघात वा हृदयवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण या औषधावर ३.४ टक्के, तर टीएनएफ-रोधकांवर २.५ टक्के होते. मोठ्या मात्रेत फुप्फुसातील गुठळ्याही वाढल्या. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये व पुन्हा २०२१ मध्ये याबाबत ठळक इशारा दिला. दाह कमी करणारे प्रत्येक औषध गुठळीही कमी करेल, या सरळ तर्काला येथे तडा जातो.

तंबाखूविषयी वेगळे विवेचन नको. धूम्रपान आमवात उद्भवण्यासही कारणीभूत ठरते आणि हृदयविकारासही. ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रिया विडी-सिगारेट ओढत नाहीत म्हणून त्यांच्या केसपेपरवर 'तंबाखू : नाही' असे लिहिले जाते आणि मिसरीबद्दल कोणी विचारत नाही. इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याची शक्यता दुपटीहून अधिक होती.

सुजलेल्या पोटरीचा पेच :

नीलेतील गुठळीचे मुख्य लक्षण म्हणजे एकाच पायाची पोटरी सुजणे, तंग होणे आणि दुखणे. आमवाताच्या रुग्णात हेच चित्र दुसऱ्या कारणानेही दिसते. गुडघ्यातील वाढलेला द्रव गुडघ्यामागे पिशवीसारखा साठतो, त्याला बेकरची गाठ म्हणतात. ती फुटली की द्रव पोटरीच्या स्नायूंत उतरतो आणि पाय हुबेहूब गुठळी झाल्यासारखा दिसतो. अशा रुग्णाला गुठळी समजून रक्त पातळ करणारे औषध दिल्यास पोटरीत रक्तस्राव होऊन स्नायूंवरील दाब धोकादायक पातळीला जाऊ शकतो. उलट, गुठळीला 'वाताची सूज' समजून शेकत व चोळत बसल्यास ती फुप्फुसात जाण्याचा धोका. डी-डायमर ही रक्तचाचणी येथे फारशी कामी येत नाही, कारण सक्रिय आमवातात ती गुठळी नसतानाही वाढलेली असते. नीलांची डॉप्लर सोनोग्राफी हा पेच बहुतेक वेळा सोडवते. त्याच तपासणीत गुडघ्यामागची गाठही दिसते. कधी कधी दोन्ही एकाच पायात एकाच वेळी असतात, कारण मोठी गाठ शेजारच्या नीलेला दाबून तिच्यातील प्रवाह मंदावते. त्यामुळे गाठ सापडली म्हणून नीला तपासणे सोडून देता येत नाही, आणि पाय सुजलेला असताना धाप लागली किंवा छातीत कळ आली तर सोनोग्राफीच्या वेळेची वाट पाहत थांबताही येत नाही.